जुना ॲम्प्लिफायर बंद ठेवू नका

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घर साफ करायला घेतलं की गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या बऱ्याच घरांत माळ्यावरून एक जड पेटी खाली उतरते. पुढे चकचकीत ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर एक मोठी गोल खुंटी, बाजूला चार-पाच छोट्या, भोवती लाकडी खोका आणि वर क्रोशाचा रुमाल. घरातलं कुणीतरी कुवेतला, बहरैनला नाहीतर जहाजावर नोकरीला होतं, त्याने सत्तर-ऐंशीच्या दशकात आणलेला हा स्टीरिओ ॲम्प्लिफायर. मग घरातला एखादा मुलगा म्हणतो, "चालतो का बघूया," आणि वायर सरळ प्लगात घालून बटण दाबतो.

हा लेख ते बटण दाबण्याआधी वाचला जावा, एवढ्यासाठी लिहितोय.

आमचा ॲम्प्लिफायर काकांनी १९७९ मध्ये कुवेतहून आणला. मुंबईपर्यंत विमानाने, तिथून पणजीला बोटीने. काका गेल्यावर तो नऊ वर्षं कपाटावर पडून होता. मी तो उतरवला, पुसला आणि थेट प्लगात लावला. दहा-बारा सेकंद काहीच झालं नाही. मग आत फट्ट असा आवाज झाला आणि सडक्या मासळीसारखा वास खोलीभर पसरला. दुरुस्तीला चार महिने गेले. ज्यांनी तो दुरुस्त केला त्यांना सगळे मेस्त म्हणतात. झाकण उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो यंत्राच्या वयाचा नव्हता. "किती वर्षं बंद होता?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नाचं महत्त्व कळायला आत काय चालतं ते थोडं समजून घ्यावं लागेल.

रेकॉर्डवरून फिरणाऱ्या सुईतून जो संदेश निघतो तो दोन ते पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टचे काही हजारांश. त्याने स्पीकरचा कागदी शंकू हलणारही नाही. बऱ्याच जणांना वाटतं की ॲम्प्लिफायर या बारीक संदेशालाच फुगवून मोठा करतो. प्रत्यक्षात जे घडतं ते आपल्या खाजन शेतातल्या मानशीसारखं असतं. नदीचं भरती-ओहोटीचं पाणी अडवायला बांधात लाकडी दार बसवलेलं असतं, ती मानस. तिची फळी उचलायला एका माणसाचा हात पुरतो. पण फळीखालून जे पाणी धावतं त्याचा जोर नदीचा असतो. ट्रान्झिस्टर ही तशी फळी आहे. गाण्याचा बारीक संदेश ती फळी वरखाली करतो, आणि स्पीकरकडे धावते ती प्लगातून आत येऊन साठलेली वीज. आपण ऐकतो ते गाणं म्हणजे खांबावरून आलेली वीजच, गायिकेच्या गळ्याच्या आकारात कापलेली.

स्पीकरचा शंकू पुढेही जातो आणि मागेही येतो, म्हणून एका फळीने भागत नाही. डाव्या आणि उजव्या बाजूला ट्रान्झिस्टरची एकेक जोडी असते: एक पुढे ढकलणारा, एक मागे ओढणारा. एकाने काम सोडलं आणि दुसऱ्याने अजून धरलं नाही अशी क्षणभराची फट राहिली तर सूर त्या सांध्यावर खरखरतो, आणि हळू आवाजात ही खरखर जास्त कळते. म्हणून दोन्ही फळ्या कायम किंचित उघड्या ठेवतात. त्याला बायस म्हणतात. बोर्डावरचा एक इवलासा प्रीसेट स्क्रू ड्रायव्हरने फिरवून तो जुळवलेला असतो. फळी जास्त उघडी राहिली तर ट्रान्झिस्टर गाणं नसतानाही तापत राहतो. गाणं न लावता अर्ध्या तासात झाकणाला हात लावून चटका बसत असेल, तर ॲम्प्लिफायर बंद करून जाणत्या माणसाकडे न्यावा.

आता त्या साठलेल्या विजेबद्दल, कारण आमचा घोटाळा तिथेच झाला.

प्लगातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. आतले डायोड तिला एकाच दिशेला वळवतात, तेव्हा ती सेकंदाला १०० उसळ्यांनी येऊ लागते. गाण्याला अशी उसळती वीज चालत नाही. म्हणून दोन मोठे कपॅसिटर टाकीचं काम करतात: उसळी आली की भरतात, दोन उसळ्यांच्या मधे पुरवतात. झाकण उघडल्यावर डब्यासारखे उभे दिसतात ते हेच. त्यांच्यात ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची गुंडाळी असते आणि पत्र्यांच्या मधे द्रवात भिजवलेला कागद. पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज अडवून धरण्याचं खरं काम तो थर करतो.

हा थर कारखान्यात विजेनेच चढवलेला असतो आणि पुढेही विजेनेच टिकतो. ॲम्प्लिफायर अधूनमधून चालत राहिला तर थर आपोआप डागडुजी करून घेतो. वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही की तो जागोजागी विरतो. अशा कपॅसिटरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की कच्च्या जागांतून करंट गळतो, द्रव तापतो, त्याची वाफ होते आणि डब्याचं डोकं फुटतं. आमच्याकडचा फट्ट आवाज आणि मासळीचा वास हाच. तेच व्होल्टेज हळूहळू वाढवत दिलं असतं तर थर बहुतेक पुन्हा जमला असता. जुन्या यंत्रावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं, कारण चांगले ॲम्प्लिफायर वापराने मरताना मी क्वचित पाहिले. बंद राहून आणि मग घाईने चालू करून मरताना मात्र पुष्कळ पाहिले.

घाई टाळण्याचा उपाय स्वस्त आहे, आणि जवळजवळ प्रत्येक जुन्या इलेक्ट्रिशियनकडे तो असतो: सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक बल्ब होल्डर आणि एक सॉकेट, दोन्ही एकामागोमाग जोडलेले, म्हणजे सॉकेटकडे जाणारी वीज आधी बल्बातून जाते. बल्ब तारेचाच हवा, १०० वॉटचा. एलईडी इथे उपयोगी नाही. थंड तार वीज सहज जाऊ देते आणि तापली की अडवते, या गुणावर सगळं चालतं. आत कितीही मोठा शॉर्ट असला तरी १०० वॉटच्या बल्बातून अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट जाऊ शकतो.

मेस्तांच्या टेबलावर मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. स्पीकर काढून ठेवलेले, आवाजाची खुंटी शून्यावर. त्यांनी बटण दाबलं, बल्ब क्षणभर भगभगला आणि मग विझत विझत तांबूस होऊन थांबला. मी लगेच स्पीकरची वायर उचलली, तर म्हणाले, "पयलीं बल्ब पळोव, मागीर गाणें आयक." म्हणजे आधी बल्ब बघ, मग गाणं ऐक. बल्ब भगभगून मंद झाला तर टाक्या भरल्या आणि आत शॉर्ट नाही. तो तसाच लख्ख पेटत राहिला तर त्याच क्षणी बटण बंद करायचं. त्या वेळी बल्ब नसता तर आतला भाग जळाला असता.

चार-पाच वर्षांहून जास्त बंद असलेल्या ॲम्प्लिफायरला नुसता बल्ब पुरेसा नाही. त्याच्याबरोबर व्हेरिॲक, म्हणजे फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर, लावायचा आणि वीस-तीस व्होल्टपासून सुरुवात करून दोन-तीन तासांत पूर्ण व्होल्टेजपर्यंत जायचं. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ भरून राहते, तेव्हा झाकण काढून आत बोट घालू नये.

सिरीज बोर्डावर ठेवण्याआधीही एक गोष्ट बघायची: मागचा व्होल्टेज सिलेक्टर. बाहेर विकण्यासाठी बनवलेल्या जपानी ॲम्प्लिफायरच्या पाठीवर बहुतेक वेळा ११०, १२०, २२०, २४० असे आकडे असलेली छोटी चकती असते. आखातातून आलेले बहुतेक २२० किंवा २४० वर असतात. आपल्याकडे पुरवठा २३० चा, पण रात्री उशिरा तो २४० च्याही वर चढतो, म्हणून चकती २४० वर ठेवलेली बरी. ट्रान्सफॉर्मर कमी तापतो. ॲम्प्लिफायर खुद्द जपानमध्ये विकलेला असेल तर तो १०० व्होल्टचा, अमेरिकेतला असेल तर १२० चा. त्यांना आपल्याकडे चांगला जाडजूड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पाकिटाएवढे ट्रॅव्हल ॲडाप्टर त्याला पुरत नाहीत. आणि फ्यूज उडाला तर त्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालायचा. तांब्याची तार बांधली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो बाजारात मिळत नाही.

आपल्या हवेबद्दल वेगळं लिहायला हवं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत घरातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, तीच ॲम्प्लिफायरच्या आतही येऊ शकते. समुद्राजवळ असाल तर हवेत मीठही असतं. रेडिओ-रेकॉर्ड निवडायच्या सिलेक्टरच्या आतले चांदीचा मुलामा दिलेले संपर्क काळे पडतात, पितळी सॉकेटं हिरवी होतात. पालींना आणि मुंग्यांना ती उबदार कोरडी जागा आवडते. एका ओळखीच्या घरातल्या ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर, दोन ट्रान्झिस्टरच्या मधे, पालीची दोन अंडी नीट ठेवल्यासारखी होती.

लोक पावसात यंत्र सांभाळायचं म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतात. ओल आतच कोंडते. त्याऐवजी ते चालवावं. ॲम्प्लिफायर तापतो, आतली हवा तापते, बोर्डावरची ओल उडून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही एक दिवसाआड तासभर तरी तो लावतो, कुणी ऐकायला असो वा नसो. कपॅसिटरला वीज मिळते, संपर्क हलते राहतात आणि आत बुरशी धरत नाही. एकाच सवयीत तिन्ही कामं होतात. फक्त मे अखेरीला आणि ऑक्टोबरात, गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून विजेपासून संरक्षण मिळत नाही.

आणि तो क्रोशाचा रुमाल. आजी-काकूंनी हाताने विणलेला असतो, मला तो कळतो. पण झाकणावरच्या जाळीतून गरम हवा वर जायची असते, तिच्यावर रुमाल, फुलदाणी किंवा रेकॉर्ड प्लेअर ठेवला की उष्णता आत अडते. कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्मं होतं. रुमाल बंद यंत्रावर घालावा आणि चालू करताना काढावा.

आता नेहमीच्या तक्रारी. "आवाज गेला" किंवा "एक बाजू गेली" ही सगळ्यांत मोठी, आणि तिच्यात निम्म्या वेळा काहीच गेलेलं नसतं. दोन्ही बाजू गप्प असतील तर आधी टेप मॉनिटर नावाचं बटण बघा. ते दाबलेलं असेल तर ॲम्प्लिफायर टेपरेकॉर्डरकडून येणाऱ्या आवाजाची वाट बघत राहतो, आणि टेपरेकॉर्डर घरात नसतोच. एकच बाजू गेली असेल तर पाठीमागे बघा. काही मॉडेलांत प्री-आउट आणि मेन-इन या सॉकेटांना जोडणाऱ्या इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या धातूच्या दोन पट्ट्या असतात. गाण्याचा संदेश या पट्ट्यांतूनच पुढे जातो. एक जरी गंजली तर त्या बाजूचा आवाज बंद. यंत्र बंद करून पट्ट्या काढायच्या, बारीक पॉलिश पेपरने किंवा खोडरबराने घासायच्या, परत घालायच्या. आमच्याकडे दोन वर्षांनी असंच झालं होतं आणि तेवढ्यावर उजवी बाजू परत आली.

खुंटी फिरवताना खरखर होते ती आतल्या कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धूळ-गंजामुळे. प्लग काढून इलेक्ट्रॉनिक्ससाठी बनवलेला कॉन्टॅक्ट क्लीनर खुंटीच्या आत थोडासा मारायचा आणि खुंटी वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. बिजागऱ्यांना मारतात तो स्प्रे इथे वापरू नये, तो मागे तेलकट थर ठेवतो. गाणं नसताना येणारी घोंघों मात्र कान देऊन ऐकावी. खूप खर्जातली, सेकंदाला ५० कंपनांची असेल तर बहुतेक वायरिंगचा किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या अर्थिंगच्या तारेचा दोष. एक सप्तक वरची, १०० ची असेल तर टाक्या कोरड्या पडत आल्या.

जुना ॲम्प्लिफायर विकत घेणार असाल तर खिशात मल्टिमीटर ठेवा. स्पीकर काढायचे, आवाज शून्यावर, दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांवर डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या विजेचे, मिलिव्होल्ट मोजायचे. दोन्ही बाजूंना ५० च्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर आधी दुरुस्ती, मग स्पीकर. हा सततचा डीसी स्पीकरची कॉइल एका बाजूला ढकलून धरतो आणि जास्त असेल तर जाळतो. ट्रान्झिस्टर बदललेले असतील तर कुठून घेतले ते विचारा. जुन्या क्रमांकांचे बरेच ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत आणि त्या नावाने नकली माल भरपूर विकला जातो. सगळे कपॅसिटर सरसकट बदलून टाकण्याचा सल्लाही लगेच मानू नये. मेस्त एका वेळी एकाच बाजूचे बदलतात. काही चुकलं तर ताडून बघायला दुसरी बाजू शाबूत असते. मला ही पद्धत फार पटली.

वॉटबद्दलही थोडं, कारण तिथे फसवणूक जुनी आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये नियम आला की घरगुती ॲम्प्लिफायरचे वॉट ठरावीक पद्धतीने मोजूनच जाहिरातीत छापायचे. त्यामुळे त्यानंतरच्या चांगल्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातला आकडा सहसा खरा असतो. पुढे आपल्या बाजारात पीएमपीओ नावाने हजारो वॉट लिहिलेले प्लॅस्टिकचे खोके आले, त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. १९७८ चा एनएडी ३०२० हा कागदावर फक्त २० वॉटचा, आणि तो जगभर नावाजला गेला. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात, म्हणून २० आणि ४० वॉटमधला फरक वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. माजघरात बसून गाणं ऐकताना बहुतेक वेळ एक-दोन वॉटच खर्च होतात.

त्यातूनच लाउडनेस नावाच्या बटणाचा उपयोग कळतो. आवाज हळू केला की कानाला खर्ज सगळ्यांत आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. लाउडनेस दाबलं की हळू आवाजात खर्ज आणि थोडे वरचे सूर वाढवले जातात. रात्री मुलं झोपल्यावर तबल्याचा डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज परत जागेवर येतो. दिवसा मोठ्या आवाजात तेच बटण दाबलेलं राहिलं तर गाणं घुमतं.

घरात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या असतील तर टोन कंट्रोलचा खरा उपयोग तिथे. फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या, सॉकेटच्या मागे खर्ज आणि वरच्या सुरांचा एक ठरावीक समतोल बसवलेला असतो. तो १९५४ मध्ये ठरला. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर वाढवतात, ऐकताना फोनोचं सर्किट बरोबर उलट करतं. पण गायिका केसरबाई केरकरांच्या तबकड्या त्याआधीच्या, वेगळ्या समतोलावर कापलेल्या. आजच्या फोनोतून त्या बंद खोलीतून आल्यासारख्या ऐकू येतात. ट्रेबलची खुंटी उजवीकडे वळवली, ७८ साठीची जाड सुई लावली, की आवाज खोलीबाहेर येतो. फोंडा तालुक्यातल्या केरीत जन्मलेल्या या बाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉएजर यानांबरोबर अंतराळात गेली. तिची लांबी तीन-साडेतीन मिनिटं. आमच्या घरी त्या आवाजाची पहिली ओळख याच यंत्रातून झाली, काका खुंटी वळवत असताना. मोबाइलवरूनही तो ऐकता येतो, आणि मोबाइल ऑक्स सॉकेटला जोडून याच ॲम्प्लिफायरवर लावताही येतो. फोनोला मात्र जोडू नका. ते सॉकेट मिलिव्होल्टसाठी बनवलेलं आहे, मोबाइलचा संदेश त्याच्या शेकडो पट मोठा असतो आणि सगळं फाटून ऐकू येतं.

आमच्या घराला अजून कौलं आहेत. जुलैत पाऊस कोसळू लागला की गाण्यातले हळू सूर कौलांच्या आवाजात बुडतात. तेव्हा मी खुंटी नऊवरून दहाच्या काट्यावर नेतो आणि लाउडनेस बंद करतो. पाऊस थांबला की परत नऊवर आणतो. या फिरवाफिरवीमुळे खुंटीची खरखर गेली दोन वर्षं आलेली नाही.